सल्लामसलत कुणाची, कुणाकडून की कुणाशी?

प्रश्न असा आहे: एका संस्थेच्या अहवालात ‘राष्ट्रीय दिव्यांग धोरणाच्या मसुद्यावर दिव्यांगांची सल्लामसलत घेतली’ असं वाक्य आहे. ते बरोबर आहे का? त्याऐवजी ‘हरकती व सूचना मागवल्या’ लिहिलं तर अर्थ तोच राहतो का?

वाक्य चुकलं आहे. सल्ला घेतात, सल्लामसलत करतात. सल्ला कुणाचा तरी असतो, सूचना कुणाकडून तरी येतात, सल्लामसलत मात्र कुणाशी तरी होते. बोलणं, करार, मैत्री, अगदी भांडणसुद्धा ज्या ‘-शी’ने जोडलं जातं, तोच हा प्रत्यय. दोन्ही बाजू कर्त्या असल्या तरच तो शोभतो. सल्ला आणि मसलत हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून फारसीमार्गे आपल्याकडे आले. मराठ्यांच्या पत्रव्यवहारात मसलत म्हणजे मोहिमेआधी बसून केलेला विचार. कधी कधी मोहिमेलाच मसलत म्हटलेलं दिसतं. म्हणजे मसलतीची वेळ फौज निघण्याआधीची.

‘हरकती व सूचना’ हा शब्दप्रयोग आपल्याला विकास आराखडा आणि प्रभागरचनेमुळे पाठ झाला आहे. त्यात मसुदा आधीच तयार असतो आणि लोकांनी मुदतीत लेखी म्हणणं मांडायचं असतं. ही पायरी हवीच, पण तिला सल्लामसलत म्हणू नये.

हा फरक मी ताणत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2006चा आहे. भारताने 2007 मध्ये तो मान्य केला. त्याचं चौथं कलम दोन गोष्टी मागतं: अपंग व्यक्तींशी त्यांच्या संघटनांमार्फत निकटची सल्लामसलत, आणि निर्णयात त्यांचा सक्रिय सहभाग. या चळवळीची जगभरची घोषणाही हेच सांगते: आमच्याविना आमच्याबद्दल काहीही नको.

आपल्याकडे दोन्ही प्रकार घडले आहेत. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या नव्या कायद्याचा मसुदा करायला डॉ. सुधा कौल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने 2011 मध्ये मसुदा दिला. त्या कामात अपंग कार्यकर्ते होते आणि राज्याराज्यांत चर्चा झाल्या. याला सल्लामसलत म्हणावं. 2014 मध्ये संसदेत आलेलं विधेयक त्या मसुद्याहून पातळ निघालं, तेव्हा संघटनांनी ओरड केली. निदान आधी मंजूर तरी होऊ द्या, असंही त्यांच्यातल्या काहींचं म्हणणं होतं. अखेर 2016चा कायदा झाला. 2022च्या जूनमध्ये नव्या राष्ट्रीय धोरणाचा मसुदा जाहीर झाला आणि त्यावर अभिप्राय मागवले गेले. ती पायरी हरकती व सूचनांची. खुद्द ‘दिव्यांग’ हा शब्दसुद्धा पंतप्रधानांनी डिसेंबर 2015 मध्ये सुचवला, आणि अपंगांच्या काही संघटनांनी त्यावर लगेच आक्षेप घेतला.

‘मागवल्या’ म्हटल्यावर आणखी एक गोष्ट झाकली जाते: कुणाला पाठवता आल्या? मसुदा स्कॅन करून टाकलेला असेल, तर अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्यात एक अक्षर सापडत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर असेल, तर तो कानावर निरर्थक अक्षरं टाकतो. सभागृहात सांकेतिक भाषेचा दुभाषा नसेल, तर बहिरी माणसं हजेरीपटावर सही करून गप्प बसतात. मग अहवालात ‘उपस्थिती चांगली होती’ असं लिहून येतं. याची मला चीड येते.

2016च्या कायद्यात केंद्रीय सल्लागार मंडळावर संस्था-संघटनांचे दहा प्रतिनिधी घ्यायची तरतूद आहे. ते ‘शक्यतो’ अपंग व्यक्ती असावेत, असं तिथे म्हटलं आहे, आणि त्यांत किमान पाच स्त्रिया हव्यात. स्त्रियांच्या संख्येला ‘शक्यतो’ जोडलेलं नाही, हे वाचताना जरूर पाहावं.

तेव्हा अहवालात जे घडलं ते लिहा. मसुदा आधी तयार झाला असेल तर: ‘मसुदा प्रसिद्ध करून अपंग व्यक्ती व त्यांच्या संघटनांकडून हरकती व सूचना मागवल्या.’ मसुदा लिहिण्याआधी एकत्र बसला असाल तर: ‘अपंग व्यक्तींशी सल्लामसलत करून मसुदा तयार केला.’ आणि त्यांच्यापैकी कुणी प्रत्यक्ष मसुदा लिहायला असेल, तर ‘सहभागी करून घेतलं’ असं यजमानाच्या तोऱ्यात लिहू नका. मसुदा कुणी लिहिला त्यांची नावं द्या.