वर्गणी वाढवायची, पण किती? संघटनेच्या सभासदांचे प्रश्न

आमची वर्गणी १२ वर्षं ५०० रुपयेच होती, आता कमिटी एकदम १५०० करून राहिली, हे बरोबर आहे का? (फिजिओथेरपिस्ट, धंतोली)

वाढ व्हायलाच पाहिजे होती, ते आधी मान्य करा. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो, म्हणजे तेव्हाचे ५०० आजचे हजार झाले. वरचे ५०० कशासाठी ते मात्र कमिटीने आमसभेत सांगायलाच हवं. समजा २४० सभासद आहेत आणि हॉल, पोस्टेज, ऑडिट, ऑफिसमधल्या माणसाचा पगार, राज्य शाखेचा हिस्सा असं सगळं धरून वर्षाचा खर्च २ लाख १६ हजार, तर डोक्यामागे ९०० पडतात. हा हिशोब एका कागदावर मांडून एजीएमच्या (वार्षिक आमसभेच्या) नोटीससोबत पाठवला की निम्मं भांडण तिथंच मिटतं. मी स्वतः खजिनदार होतो तेव्हा आम्ही हे केलं नाही, नुसता आकडा सांगितला आणि रात्री साडेदहापर्यंत लोक बोलत बसले, त्यांचा राग मला आजही रास्त वाटतो. आणि हो, वर्गणीचा आकडा घटनेतच लिहिलेला असेल तर कमिटीच्या ठरावावर भागत नाही, आधी घटनादुरुस्ती करावी लागते.

मी २००९ साली ५००० भरून आजीव सभासद झालो. आता परत पैसे मागतात. द्यायचे का?

सक्ती नाही करता येत हो, तुम्हाला आजीव म्हणून पावती दिली आहे. पण संस्थेचीही अडचण समजून घ्या. ५००० ची एफडी ७ टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला ३५० रुपये व्याज येतं, त्यात तुमचा खर्च निघत नाही. त्यातही ती एफडी मोडून एखाद्या कॉन्फरन्सच्या जेवणात घातली असेल तर ३५० पण गेले! माझ्या ओळखीच्या एका संस्थेत हेच झालं. म्हणून ऐच्छिक वार्षिक निधी ठेवा, जमेल त्याने द्यावा, आणि नव्या लोकांसाठी आजीव फी वार्षिक वर्गणीच्या निदान १५ पट ठेवा. ते पैसे वेगळ्या खात्यात, मूळ रकमेला हात लावायचा नाही.

मी नुकतीच इंटर्नशिप संपवली, मला पगारच नाही.

तुझ्यासाठी पहिली दोन-तीन वर्षं कमी वर्गणीचा गट असायलाच पाहिजे, नसेल तर चार जणी मिळून लेखी मागणी करा. फक्त संघटनेची सभासद होणं आणि कौन्सिलचं, म्हणजे कायद्याने नेमलेल्या परिषदेचं रजिस्ट्रेशन यात गल्लत करू नको, प्रॅक्टिसला कौन्सिलचं लागतं, संघटना ऐच्छिक असते.

वर्गणी थकलेल्यांना मत देता येतं का? आणि वर्गणीवर जीएसटी लागतो का?

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेत ३ महिन्यांपेक्षा जास्त थकबाकी असलेल्याला मत नाही, कलम १५ वाचा. त्यामुळे निवडणुकीच्या आधी यादी नोटीस बोर्डावर लावा, ऐनवेळी बूथवर वाद नको. जीएसटीचं म्हणाल तर फक्त वर्गणी बघून चालत नाही, कॉन्फरन्सची फी, औषध कंपन्यांच्या स्टॉलचं भाडं हे सगळं धरून वर्षाला २० लाखांच्या वर गेलात की नोंदणी करावी लागते आणि मग १८ टक्क्यांचा विषय येतो, तेव्हा नवीन आकडा ठरवायच्या आधीच तुमच्या सीएला विचारून घ्या.