वाचक विचारतात : ग्राफिक्स कार्डाचं व्होल्टेज आणि मराठवाड्याचा उन्हाळा

या वेळच्या टपालात ग्राफिक्स कार्डांचेच प्रश्न जास्त आले, म्हणून मोबाइलचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ. कार्ड उघडल्यावर बऱ्याच कंपन्या वॉरंटी नाकारतात, तेव्हा स्क्रूला हात लावण्याआधी बिलावरची तारीख बघा.

प्रश्न (परभणी) : माझ्याकडे जीटीएक्स १०६०, ६ जीबीचं कार्ड आहे. आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग-व्होल्टेज बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेजची पट्टी १०० टक्क्यांपर्यंत नेली, तरी वेग नावालाच वाढला. हिवाळ्यात छान चालणारा गेम एप्रिल लागल्यापासून दुपारी अडखळतो. व्होल्टेज अजून कसं वाढवता येईल?

उत्तर : वाढवू नका, उलट उतरवा. त्या पट्टीवरचे १०० टक्के फसवे आहेत. तुमच्या कार्डासारख्या पास्कल पिढीच्या कार्डांवर ही पट्टी फक्त व्होल्टेज-वेगाच्या आलेखातले वरचे दोन-चार बिंदू मोकळे करते. १.०६२ व्होल्टला थांबणारं कार्ड मग १.०९३ पर्यंत जातं, म्हणजे वाढ जेमतेम ३ टक्क्यांची. या कार्डांचा बायोस, म्हणजे आतला मूळ प्रोग्रॅम, कंपनीच्या डिजिटल सहीने बंद केलेला असल्यामुळे सॉफ्टवेअरने त्यापुढे जाता येत नाही.

चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. ३ टक्के व्होल्टेज म्हणजे ६ टक्के वीज. त्यात वाढलेला वेग धरला की सात-आठ टक्के उष्णता. पदरात पडतो एखाद-दुसरा टक्का वेग. तुमच्या कार्डाची मूळ वीजमर्यादा १२० वॅटच्या आसपास आहे, ती आधीच भरलेली असते. मर्यादा गाठली की कार्ड स्वतःहून वेग आणि व्होल्टेज खाली घेतं.

उन्हाळ्याचा हिशेब सरळ आहे. वीज आणि पंख्याचा वेग तेवढाच असेल तर चिपचं तापमान खोलीपेक्षा ठरावीक अंशांनीच जास्त राहतं. डिसेंबरमध्ये खोली २४ अंश आणि चिप ६८ असेल, तर फरक ४४ चा. मे महिन्यात खोली ३८ झाली की चिप ८२ वर. या कार्डाची नेहमीची तापमर्यादा ८३ आहे, पण त्याच्या बरंच आधीपासून वेग सुमारे १३ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी उतरत असतो. तुमचा गेम अडखळतो तो यामुळे.

आता करायचं काय? आफ्टरबर्नर उघडून कंट्रोल आणि एफ दाबा, आलेख दिसेल. कोअर क्लॉकची पट्टी आधी उणे २५० वर नेऊन लागू करा, म्हणजे सगळा आलेख खाली सरकेल. मग ९०० मिलिव्होल्टचा बिंदू उचलून १८०० मेगाहर्ट्झवर ठेवा आणि पुन्हा लागू करा. उजवीकडचे सगळे बिंदू त्याच उंचीवर सपाट होतात, म्हणजे कार्ड ०.९ व्होल्टच्या वर जातच नाही. मेमरीला सध्या हात लावू नका. आधी १.०५ व्होल्टला १९०० वर चालणारी चिप ०.९ व्होल्टला १८०० वर आली, तर चिपपुरती वीज साधारण ३० टक्क्यांनी घटते. मेमरी आणि पंख्याची वीज तेवढीच राहते, त्यामुळे अख्ख्या कार्डाची बचत थोडी कमी दिसेल.

हे जमलं की त्याच ९०० मिलिव्होल्टला एकेक पायरी वेग चढवत जा. खरी चाचणी रोजच्या गेमचीच, किमान अर्धा तास, आणि तीही दुपारी दोन-तीनच्या सुमारास. रात्री पास झालेलं कार्ड दुपारी नापास होतं. फरमार्क या ताण-चाचणीच्या प्रोग्रॅमवर विसंबू नका. तो इतकी वीज खेचतो की कार्ड मर्यादेत अडकून खालच्या व्होल्टेजला चालतं, आणि तुम्ही ठरवलेला बिंदू तपासला जातच नाही. गेम बंद पडून डिस्प्ले ड्रायव्हर पुन्हा सुरू झाल्याची सूचना आली (विंडोजच्या नोंदीत ती ४१०१ क्रमांकाने सापडते), तर दोन पायऱ्या खाली या. पुढे मेमरी वाढवलीत तर पडद्यावरच्या रंगीत ठिपक्यांची वाट बघत बसू नका. जीडीडीआर ५ मेमरी चुका पकडून माहिती पुन्हा पाठवते, त्यामुळे मर्यादा ओलांडल्याची पहिली खूण म्हणजे आकडा वाढवूनही फ्रेम घटणं.

प्रश्न (लातूर) : कपाटात एक जुनं कार्ड पडून आहे, बायोसमधून व्होल्टेज वाढत नाही. रेझिस्टर लावून वाढवतात असं कळलं. मला सोल्डरिंग येतं. नेमकं कुठे आणि किती किमतीचा लावायचा?

उत्तर : पडून असलेलं कार्ड आहे म्हणूनच सविस्तर सांगतो. रोज लागणाऱ्या कार्डावर हा उद्योग करू नये.

कार्डावरचा व्होल्टेज कंट्रोलर एका पायावर, म्हणजे फीडबॅक पिनवर, बाहेर गेलेलं व्होल्टेज तपासत असतो. दोन रेझिस्टरच्या जोडीतून त्या व्होल्टेजचा ठरलेला हिस्सा या पिनवर येतो. तो ठरल्यापेक्षा कमी दिसला की कंट्रोलर व्होल्टेज चढवतो. आपण फीडबॅक आणि ग्राउंड यांच्यामध्ये आणखी एक रेझिस्टर समांतर जोडून त्याला हिस्सा कमी दाखवायचा, एवढीच युक्ती.

उदाहरणादाखल आकडे घ्या. संदर्भ व्होल्टेज ०.६, दोन्ही रेझिस्टर १ किलोओहमचे, म्हणजे चिपला १.२ व्होल्ट. खालच्या रेझिस्टरला २० किलोओहम समांतर जोडला तर १.२३ व्होल्ट होतात. १० किलोओहमला १.२६ आणि ५ किलोओहमला १.३२. हा रेझिस्टर आपण प्रीसेट, म्हणजे स्क्रू फिरवून रोध बदलता येणारा, वापरणार आहोत. त्याचा रोध खाली येतो तशी व्होल्टेजची उडी मोठी होत जाते, म्हणून शेवटचे वेढे सगळ्यात धोक्याचे.

आता कृती. कंट्रोलर चिपवरचा क्रमांक भिंगाने वाचा आणि तिची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) मिळवा. डेटाशीट मिळाली नाही तर तिथेच थांबा. पिन अंदाजाने ठरवता येत नाही. बऱ्याच नव्या कार्डांवर डिजिटल कंट्रोलर असतो, तिथे हे उदाहरण जसंच्या तसं लागू होत नाही. कार्ड मशीनमधून काढून मल्टिमीटरने फीडबॅक ते ग्राउंड रोध मोजा. प्रीसेट त्याच्या साधारण २० पट घ्यायचा, म्हणजे १ किलोओहम आला तर २० किलोओहमचा. तो बहुवेढ्यांचा, २५ फेऱ्यांचाच हवा. एका फेरीचा प्रीसेट घेतलात तर बोट हललं की चिप गेली. डाग देण्याआधी प्रीसेट पूर्ण रोधावर फिरवून मीटरने खात्री करा.

बरेच जण एक गोष्ट सांगत नाहीत. प्रीसेटच्या एकसरीत ४.७ किलोओहमचा साधा रेझिस्टर टाका. प्रीसेट चुकून शून्यावर गेला तर फीडबॅक थेट ग्राउंडला टेकतो, कंट्रोलरला वाटतं बाहेर काहीच जात नाही, आणि तो पूर्ण जोर लावतो. ४.७ चा अडसर असला तर वरच्या उदाहरणात व्होल्टेज १.३३ च्या पुढे जात नाही. प्रीसेटचा मधला पाय एका टोकाच्या पायाला जोडून टाका. मधला संपर्क सुटला तरी रोध वाढून व्होल्टेज मूळ पातळीकडेच उतरेल.

वायर बारीक आणि ५ सेंटिमीटरच्या आत ठेवा. फीडबॅकची रेषा नाजूक असते, लांब वायर इकडचा तिकडचा गोंगाट उचलते. फ्लक्स लावा, बारीक टोकाचं आयर्न वापरा, आणि प्रीसेट बोर्डाला ग्लूने चिकटवा; नाहीतर त्याच्या वजनाने पॅड उखडतो.

चालू केल्यावर सॉफ्टवेअरमधल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. तिथे बहुधा कार्डाने मागितलेलं व्होल्टेज दिसतं, तुम्ही वाढवलेलं नाही. कोअरच्या कॉइलच्या चिपकडच्या टोकाला एक वायर कायमची लावून मल्टिमीटरने मोजा. एका वेळी ०.०१ ते ०.०२ व्होल्टच वाढवा, मग चाचणी. हवेवर थंड होणाऱ्या कार्डाला मूळ व्होल्टेजपेक्षा ५ टक्क्यांच्या वर नेण्यात आमच्या मते अर्थ नाही. चिप थंड दिसत असली तरी आधी मॉस्फेट (चिपला वीज पुरवणारे स्विच) भाजतात, आणि जुन्या कार्डांवर त्यांचं तापमान दाखवणारा सेन्सर बहुधा नसतो. मल्टिमीटरसोबत येणारं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) टेपने मॉस्फेटवर लावा. १०० अंशांच्या आत राहिलं पाहिजे. जास्त जात असेल तर ॲल्युमिनियमचे छोटे हीटसिंक चिकटवा आणि त्यांच्यावर वारा येईल असा पंखा द्या. एकदम पडदा काळा होऊन पंखे चालूच राहिले, तर बहुतेक वेळा ओव्हरकरंट संरक्षण लागलेलं असतं. मेन स्विच बंद करून प्रीसेट दोन फेऱ्या मागे घ्या.

वीजमर्यादेसाठी शंट रेझिस्टरवर (कार्ड किती वीज घेतं ते मोजणाऱ्या) लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातूची पेस्ट, लावण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. त्यातलं गॅलियम सोल्डरमध्ये शिरतं आणि रेझिस्टर सुटून येतो.

प्रश्न (नांदेड) : आरटीएक्स ३०६० चे थर्मल पॅड आणि पेस्ट बदलली. आता कोअर ७४ आणि हॉटस्पॉट (चिपचा सगळ्यात गरम बिंदू) १०१ दाखवतं. आधी एवढं नव्हतं. पेस्ट खराब निघाली का?

उत्तर : पेस्टवर संशय नंतर घ्या, आधी पॅडची जाडी बघा. कोअर आणि हॉटस्पॉट यांच्यात १० ते १५ अंशांचा फरक नेहमीचा. २७ म्हणजे हीटसिंक चिपवर सपाट बसलेलाच नाही. मेमरीवर १ मिलिमीटरच्या जागी दीडचा पॅड गेला की तो हीटसिंकला वर उचलून धरतो, आणि चिपचा एक कोपरा अधांतरी राहतो.

कार्ड उघडून पेस्टचा ठसा बघा. एका बाजूला ती जाड, दुसरीकडे जवळजवळ पुसलेली असेल तर निदान पक्कं. जुने पॅड टाकले नसतील तर त्यांची न दबलेली कड व्हर्नियरने मोजा; ही जाडी प्रत्येक कंपनीच्या कार्डात वेगळी असते. मापच मिळत नसेल तर पॅडऐवजी थर्मल पुटी वापरा, ती दाबली जाईल तेवढीच उरते. ग्राफिक्स चिपवर झाकण नसतं, त्यामुळे पेस्टचा थेंब मध्ये ठेवून भागत नाही. कडेपर्यंत पातळ थर पसरा. स्क्रू तिरके समोरासमोर, पाव-पाव फेरीने आवळा. सगळं नीट बसूनही तीन-चार महिन्यांत फरक पुन्हा वाढत गेला, तर पातळ पेस्ट गरम-थंड होताना कडेला सरकते आहे. तेव्हा घट्ट पेस्ट किंवा फेज चेंज शीट (तापल्यावर मऊ होणारं पातळ पान) घ्या.

प्रश्न (जालना) : कॅबिनेट कूलरसमोर ठेवलं तर चालेल का? घरचे म्हणतात पाणी जाईल.

उत्तर : घरच्यांचं निम्मं बरोबर आहे. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी, ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना, चांगल्या ताट्यांचा कूलर २८-३० अंशांची हवा देतो. कार्डाला याहून स्वस्त औषध नाही. हवेतली वाफ कार्डावर जमत नाही, कारण चालू कार्ड खोलीपेक्षा नेहमी गरमच असतं.

धोका आहे तो उडणाऱ्या तुषारांचा. बोअरचं पाणी जड असतं. थेंब वाळतो, क्षार बोर्डावर राहतात, आणि पावसाळ्यात तेच क्षार ओल धरून पाय गंजवतात. कूलरची ताटी पांढरी पडत असेल तर तुमचं पाणी तसलंच समजा. म्हणून कॅबिनेट झोताच्या रेषेत नको, दीड-दोन मीटर बाजूला ठेवा, आणि समोरची खिडकी उघडी असू द्या. बंद खोलीत कूलर तासाभरात नुसता दमटपणा वाढवतो. जुलैत त्याचा उपयोग जवळपास संपतो, तेव्हा छताचा पंखा पुरे.

कापसाच्या दिवसांत जिनिंगजवळ राहत असाल तर तंतू हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखे बसतात. जाळी पंधरवड्याला धुवा. ब्लोअर मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवा, तो मोकळा गरगरला तर बेअरिंग जातं.

प्रश्न (धाराशिव) : कॅबिनेट जुन्या फ्रिजमध्ये ठेवलं तर?

उत्तर : नाही. फ्रिज भाजीतली उष्णता एकदा काढण्यासाठी बनलेला असतो, दीडशे वॅटची शेगडी सतत विझवण्यासाठी नाही. कॉम्प्रेसर थांबणार नाही, आणि दार उघडताच थंड बोर्डावर दव धरेल.

प्रश्न (बीड) : कार्डाचा वेग वाढवल्यापासून लाइट गेली की ६०० व्हीएचा यूपीएस लगेच बंद पडतो. बॅटरी नवीन आहे.

उत्तर : बॅटरीचा दोष नाही. ६०० व्हीएचा साधा यूपीएस सुमारे ३६० वॅट देतो. वेग वाढवलेलं कार्ड क्षणभर त्याच्या सरासरीपेक्षा बरीच जास्त वीज ओढतं. त्यात प्रोसेसर आणि मॉनिटर मिळवले की मर्यादा ओलांडते. कार्ड यूपीएसवरून वेगळं काढता येत नाही, आणि मॉनिटर काढला तर लाइट गेल्यावर पडदाच दिसणार नाही, म्हणून एकतर १००० व्हीएचा घ्या, नाहीतर परभणीच्या वाचकांना सांगितलेली ०.९ व्होल्टसारखी मर्यादा तुमच्या कार्डाला लावा. दुसरं बिनखर्चाचं आहे, आधी तेच करून बघा. कॅबिनेटसोबत फुकट आलेला पॉवर सप्लाय असेल तर मात्र यूपीएसच्या आधी तो बदला.