वाचकांचे प्रश्न : माड उलटे कित्याक?

प्रश्न : आमचं घर गुहागरला, वाडी ओलांडली की समुद्र. मोबाईलवर हजारभर सूर्यास्त काढले असतील, सगळे सेम दिसतात. मे महिन्यात भाचरं येणारेत, त्यांच्यासोबत काहीतरी वेगळं, वेडं करायचंय पण खर्च नको. (एक मावशी, गुहागर)

उत्तर : मावशी, सूर्यास्ताला आता सुट्टी द्या. घर कौलारू आहे ना? मग दुपारी जमिनीवर कवडसे पडतात ते नीट बघा. कौलांमधली बारकी फट कितीही वेडीवाकडी असू दे, कवडसा गोलच येतो, कारण ते फटीचं नाही तर सूर्याचं चित्र असतं. 26 डिसेंबर 2019 ला सकाळी खंडग्रास ग्रहण होतं तेव्हा आमच्या अंगणात आंब्याखाली सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झालेले, मी कॅमेरा आणायला आत धावले तर बॅटरी संपलेली, असो. (पुढचं 2 ऑगस्ट 2027 ला आहे, पण ऑगस्टात कोकणात सूर्य दिसतोय कुठे.)

तर हेच अख्ख्या खोलीत करायचं. समुद्राकडची खिडकी काळ्या प्लास्टिकने किंवा जाड घोंगडीने पूर्ण बंद करा, दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबा, आणि खिडकीच्या मधोमध साधारण एक सेंटिमीटरचं भोक ठेवा. वेळ सकाळी नऊ ते अकराची, कारण तुमची खिडकी पश्चिमेला, ऊन घराच्या पाठीमागून समुद्रावर पडायला हवं, संध्याकाळी केलंत तर ऊन थेट भोकातून आत येईल आणि सगळं वाया. आत दहा मिनिटं गप्प बसायचं (भाचरांसाठी हाच खरा अवघड भाग), डोळे सरावले की समोरच्या भिंतीवर समुद्र वर, आकाश खाली आणि माड उलटे लटकलेले, तेही रंगीत! प्रकाश सरळ रेषेत जातो ना, माडाच्या शेंड्याकडून निघालेला किरण भोकातून शिरून खालीच पोचणार. आमच्या मालवणच्या आजीने हे पाहिलं आणि विचारलं, "गो, माड उलटे कित्याक लटाकले?" आणि मग तासभर खोलीतून हलेना.

भिंत हिरवी-निळी असेल तर पांढरी चादर टांगा. भोक मोठं केलं की चित्र उजळतं पण धूसर होतं, लहान केलं की रेखीव पण काळोखं, तेव्हा पुठ्ठ्याचे दोनतीन तुकडे वेगवेगळ्या भोकांचे करून ठेवा. फोटोसाठी मोबाईल डब्याला टेकवून प्रो मोडमध्ये (सगळं हाताने ठरवायचा मोड) शटर 20-30 सेकंद उघडं, टायमर लावून. एका भाच्याला चादरीपुढे पुतळ्यासारखं उभं करा, नंतर फोटो उलटा फिरवा म्हणजे माड सरळ आणि भाचा छताला चिकटलेला.

प्रश्न : पाणी धुक्यासारखं दिसणारे फोटो काढायला दुपारी शटर दहा सेकंद ठेवलं की फोटो पांढराफट्ट येतो. कॅमेरा बिघडलाय का? (देवगडचा एक वाचक)

उत्तर : नाही हो. कडक उन्हात आयएसओ (प्रकाश टिपायची संवेदनशीलता) 100 आणि एफ/16 ला (म्हणजे भिंगाचं छिद्र बारीक) शटर साधारण 1/100 सेकंद लागतं, तुम्ही दहा सेकंद देताय म्हणजे हजारपट प्रकाश, पांढरं नाही होणार तर काय. एकतर दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (भिंगापुढे लावायची काळपट काच; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) घ्या, तो बरोबर हजारेक पटीनेच प्रकाश कमी करतो, नाहीतर सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटं थांबा आणि फुकटात काढा, मी हा दुसरा उपायच करते. ट्रायपॉड ओल्या वाळूत नुसता ठेवला तर प्रत्येक लाटेला खचतो, पाय खोल रोवा किंवा कातळावर लावा. मात्र कातळावर जायच्या आधी तिथी बघा! तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, चतुर्थीला तीनच्या सुमारास, हा जुना हिशोब ढोबळ असला तरी पाय ओले होण्यापासून वाचवतो. घरी आल्यावर ट्रायपॉड गोड्या पाण्याने धुवा, खारं पाणी स्क्रू खातं.

प्रश्न : कॅमेऱ्याशिवाय फोटो काढता येतो का? (वय 12, वेंगुर्ला)

उत्तर : येतो की! त्याला सायनोटाइप म्हणतात, जॉन हर्शेल या इंग्लिश शास्त्रज्ञाने 1842 मध्ये शोधला, आणि ॲना ॲटकिन्स नावाच्या इंग्लंडमधल्या बाईंनी पुढच्याच वर्षापासून समुद्रशेवाळांच्या अशा निळ्या फोटोंचं पुस्तक काढायला घेतलं, फोटो असलेलं पहिलं पुस्तक तेच मानतात. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचं पाणी मंद उजेडात कागदाला फासायचं (हातमोजे घालून, घरातलं मोठं माणूस सोबत हवंच), अंधारात वाळवायचं, वर शेवाळ आणि काच ठेवून पाचदहा मिनिटं उन्हात, मग साध्या पाण्यात धुवायचं. ऊन लागलं तिथे निळं, शेवाळाखाली पांढरं. शेवाळ ओहोटीला कातळावर मिळेल, पण वापरायच्या आधी फडक्यात दाबून कोरडं कर, नाहीतर कागद ओला होऊन चित्र फिसकटतं. आणि उरलेलं शेवाळ घरात ठेवू नकोस, दुसऱ्या दिवशी जो वास सुटतो त्यावरून आमच्याकडे दोन दिवस बोलणी बसलेली.