कोर्स करू की डेस्कवर बसू? एक्सपोर्टच्या करिअरचे तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की ‘इंटरनॅशनल बिझनेस डेव्हलपमेंट’ हे पद ऐकायला कितीही भारी वाटलं तरी सुरुवातीची दोन-तीन वर्षं कागद तपासण्यातच जातात. त्यावर पत्रांचा पाऊसच पडला, काही रागावलेली पण होती! त्यातली पाच घेतेय. प्रश्न थोडे छोटे केलेत आणि नावं काढून टाकलीत.

प्रश्न: ताई, माझं वय २३, ग्रॅज्युएशन झालंय. मला ग्लोबल बिझनेस डेव्हलपमेंटमध्येच जायचंय, डॉक्युमेंटेशनमध्ये अजिबात इंटरेस्ट नाहीये. दोन वर्षांची मोठी मॅनेजमेंट डिग्री करू की छोटे सर्टिफिकेट कोर्स?

इंटरेस्ट नाहीये हे मी पण म्हणायचे रे. माझी पहिली नोकरी मशीनचे पार्ट बाहेर पाठवणाऱ्या एका कंपनीत, डॉक्युमेंटेशन डेस्कवर, आणि मला सारखं वाटायचं की आपण इथे चुकून बसलोय, खरी मजा तर त्या बाजूच्या सेल्सवाल्यांची चाललीये. मग एक शिपमेंट आली. पेमेंट एलसीवर होतं, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, ठरलेले कागद बरोबर दिले की पैसे मिळतील अशी बँकेची हमी. त्या एलसीत माल जहाजावर चढवायची शेवटची तारीख २५ होती, जहाज लेट झालं आणि बीएलवर, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची मालाची पावती, तिच्यावर माल चढल्याची ‘ऑन बोर्ड’ तारीख पडली २७. मी म्हटलं दोन दिवसांनी काय होतंय, माल तर एक नंबर आहे. बँकेने डिस्क्रेपन्सी लावली, म्हणजे कागद एलसीशी जुळत नाही असं कळवलं. बँकेचं बरोबरच होतं, कारण एलसीचे जे जगभरचे नियम आहेत, यूसीपी ६००, त्यात सरळ लिहिलंय की बँक कागदांशी व्यवहार करते, मालाशी नाही. माल सोन्याचा असला तरी कागद चुकला की बँकेची पैसे द्यायची जबाबदारी संपली. मधल्या काळात बायरकडे त्या मालाचा भाव उतरला होता, तर तो म्हणाला डिस्क्रेपन्सी मान्य करतो पण १० टक्के कमी करा. माल समुद्रात, आम्ही करणार काय, केले कमी.

आता यात चूक कोणाची? माझी तर होतीच, जहाज लेट होतंय कळल्या कळल्या बायरला एक ईमेल टाकून एलसीत अमेंडमेंट, म्हणजे तारखेचा बदल, मागायला हवी होती. पण त्याच्या आधी ती २५ तारीख कबूल कोणी केली होती? बिझनेस डेव्हलपमेंटच्या माणसाने, फॅक्टरीला आणि फॉरवर्डरला (माल पाठवायची सोय करणारा) न विचारता, ऑर्डर हातात यावी म्हणून. तर मी जे म्हणते ते एवढंच आहे, बाहेरच्या बायरशी बोलणारा माणूस जे शब्द देतो ना, त्यातला प्रत्येक शब्द पुढे कुठल्या तरी कागदावर तारीख, वजन, बंदर नाहीतर रक्कम होऊन बसतो आणि तो कागद ज्याने कधी बनवलाच नाही त्याला आपण काय कबूल करतोय हेच कळत नाही.

म्हणून माझा सल्ला, आधी वर्ष-दीड वर्ष एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशन किंवा फॉरवर्डरकडे ऑपरेशन्स, आणि त्याच्या सोबत फुकटातले कोर्स. जिनिव्हाचं इंटरनॅशनल ट्रेड सेंटर आहे, १९६४ पासूनचं, त्यांची एसएमई ट्रेड अकॅडमी ऑनलाइन आहे, आणि डब्ल्यूटीओचे पण ई-लर्निंग कोर्स आहेत. पुढे सर्टिफिकेट हवंच असेल तर कॅनडातल्या संस्थेचं सीआयटीपी, अमेरिकेतलं सीजीबीपी, आणि एलसीच्या कामातच खोल जायचं असेल तर सीडीसीएस, ही नावं या धंद्यातले लोक ओळखतात. मोठी डिग्री वाईट नाही, ओळखी होतात, पण ती कामाच्या नंतर केलीस तर वर्गात बसून तुला प्रश्न पडतील, आधी केलीस तर फक्त नोट्स पडतील.

आणि कुठल्याही कोर्सची फी भरायच्या आधी एक छोटी टेस्ट कर. इन्कोटर्म्स म्हणजे खर्च आणि रिस्क कुठपर्यंत विक्रेत्याची आणि कुठून बायरची हे सांगणाऱ्या जगभरच्या ठरलेल्या टर्म्स. सिलॅबसमध्ये त्यांच्या खाली ‘डीएटी’ अजून शिकवतायत का बघ. ती टर्म इन्कोटर्म्स २०२० मध्ये गेली, तिच्या जागी डीपीयू आली, आणि हे १ जानेवारी २०२० पासून लागू आहे. अजून डीएटी असेल तर तिथल्या सरांनी इतक्या वर्षांत नवीन काही वाचलेलं नाही, दुसरीकडे बघ. दुसरं म्हणजे विचार की कॉस्टिंग शीट स्वतः करायला देतात का, की नुसत्या स्लाइड्स. फॅक्टरीच्या दारापासून बायरच्या गोडाऊनपर्यंतचा एकेक खर्च स्वतःच्या हाताने मांडल्याशिवाय हा विषय डोक्यात शिरत नाही.

प्रश्न: मॅडम, मी ६ वर्षं लोकल सेल्समध्ये होतो, आता एक्सपोर्ट टीममध्ये घेतलंय. आमचा सगळा माल कंटेनरने जातो आणि साहेब म्हणतात डोळे झाकून एफओबी कोट करायचं. ट्रेनिंग काही दिलं नाही. हे बरोबर आहे का?

चालतं सगळीकडे, पण बरोबर नाही. इन्कोटर्म्स एकूण ११ आहेत, त्यातल्या एफएएस, एफओबी, सीएफआर आणि सीआयएफ या चार फक्त जहाजाने जाणाऱ्या मालासाठी, आणि त्या मनात धरल्यात त्या कोळसा, धान्य असा माल जहाजापाशी नेऊन द्यायच्या पद्धतीसाठी. एफओबीमध्ये माल जहाजावर चढेपर्यंत रिस्क तुमची. कंटेनर मात्र तुम्ही आधीच टर्मिनलवर सोडून येता, मग तो तिथे चार-सहा दिवस पडून असतो, त्या दिवसांत काही झालं तर माल तुमच्या ताब्यातही नाही आणि रिस्क मात्र तुमचीच. कंटेनरसाठी एफसीए, म्हणजे कॅरियरच्या हातात दिला की तुमची रिस्क संपली. साहेब म्हणतील एलसीसाठी ऑन बोर्ड बीएल लागतं, तर त्याची सोय २०२० च्या एफसीएमध्ये केलेली आहे, दोन्ही पार्ट्यांनी तसं ठरवून घ्यायचं फक्त.

सीआयएफबद्दल पण एक गैरसमज नेहमी दिसतो. भाडं आणि इन्शुरन्स तुम्ही पलीकडच्या बंदरापर्यंतचा भरता म्हणून लोकांना वाटतं रिस्क पण तिथपर्यंत आपली. नाही, रिस्क इकडे जहाजावर माल चढला की बायरकडे गेली. आणि सीआयएफमध्ये विक्रेत्याने काढायचा इन्शुरन्स कमीत कमी कव्हरचा असतो, क्लॉज सी, सीआयपीमध्ये (तिथेही भाडं-इन्शुरन्स विक्रेत्याचा, पण कुठल्याही वाहतुकीसाठी चालते) २०२० पासून तो क्लॉज ए आहे म्हणजे बराच मोठा. बायरला हे आधीच सांगितलंत तर तो तुम्हाला शहाणा माणूस समजेल, नुकसान झाल्यावर सांगितलंत तर लबाड.

कोटेशनमध्ये टर्मच्या पुढे जागेचं नाव आणि ‘इन्कोटर्म्स २०२०’ एवढं लिहाच. आणि पेमेंट कधी, मालकी कधी बदलणार, हे इन्कोटर्म्समध्ये नसतंच, ते करारात वेगळं लिहावं लागतं. साहेबांना एकदम चुकीचं ठरवू नका, पुढच्या दोन कोटेशनवर एफओबी आणि एफसीए असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवा, ते स्वतःच विचारतील.

प्रश्न: ताई, तीन महिने झाले, डिरेक्टरीतून काढून ५०० कंपन्यांना ईमेल केले, एकाचंही उत्तर नाही. माझं इंग्लिश कमी पडतंय का? दुसरी परदेशी भाषा शिकू का?

इंग्लिशचा काही संबंध नाही यात, ५०० जणांना एकच ईमेल पाठवला हा प्रॉब्लेम आहे. समोरच्याला तो उघडायच्या आधीच कळतं.

शून्यापासून सुरू करा. तुमच्या मालाचा एचएस कोड काढा, म्हणजे कस्टम्समध्ये माल ओळखायचा नंबर. पहिले ६ आकडे जगभर सारखे असतात, जागतिक कस्टम्स संघटनेची ही पद्धत १९८८ पासून चालू आहे आणि मालाचे ५००० च्या वर गट आहेत त्यात, त्यामुळे आपला माल नेमका कुठे बसतो हे शोधायलाच एक दिवस जाईल, जाऊ द्या. मग तो कोड इंटरनॅशनल ट्रेड सेंटरच्या ट्रेड मॅपवर टाका, कुठला देश किती आयात करतो, कोणाकडून करतो, मागच्या ५ वर्षांत वाढतंय की घटतंय सगळं दिसतं. लोक इथे सगळ्यात मोठा आकडा असलेला देश पकडतात आणि तिथेच फसतात, कारण तिथे आधीच दहा मोठे सप्लायर घट्ट बसलेले असतात. मी मधला देश बघते, आयात वाढतेय पण सप्लायर दोन-तीनच आहेत असा, म्हणजे तिथल्या बायरला पण दुसरा कोणीतरी हवाच असतो. मग ड्युटी किती, तुमच्या देशाशी त्यांचा व्यापार करार आहे का, असेल तर रूल्स ऑफ ओरिजिनमध्ये (माल कुठल्या देशाचा मानायचा याचे नियम) तुमचा माल बसतो का, आणि तिथे कुठलं टेस्टिंग किंवा लेबल लागतं. असे तीन देश, प्रत्येकात दहा कंपन्या, बास.

त्या तीस जणांना तीस वेगळे ईमेल. पाच-सहा ओळींचा, त्यांची कुठली वस्तू बघितली, तुम्ही काय देऊ शकता, कमीत कमी किती क्वांटिटी, किती दिवसांत, आणि शेवटी एकच सोपा प्रश्न. ‘आम्ही अग्रगण्य उत्पादक आहोत’ हे वाक्य काढून टाका, सगळेच अग्रगण्य असतात! आठवड्याने फॉलोअप, मग अजून दोनदा, दर वेळी काहीतरी नवीन माहिती देऊन, नुसतं ‘माझा ईमेल मिळाला का’ असं नाही.

भाषा शिका, पण या प्रॉब्लेमचं औषध म्हणून नको. बाजार ठरला की त्या बाजाराची शिका. आणि एखाद्या ट्रेड फेअरला जमलं तर जा, स्टॉल न घेता नुसतं फिरायला पण चालेल, ग्वांगझूचा कँटन फेअर तर १९५७ पासून चालतोय, वर्षातून दोनदा असतो. कोणी कार्ड दिलं की त्याच्या मागे काय बोलणं झालं ते तिथल्या तिथे लिहा, रात्री हॉटेलवर सगळे चेहरे एकसारखे होतात.

प्रश्न: माझं वय ४१. १२ वर्षं अकाउंट्समध्ये होते, मग घरच्या कारणाने ५ वर्षं गॅप. आता या क्षेत्रात यायचं म्हणजे २२-२३ वर्षांच्या मुलांशी स्पर्धा. खरं सांगा, उशीर झालाय का?

नाही हो. उलट या अंकातल्या पाचही जणांमध्ये तुमचं काम सगळ्यात लवकर होईल असं मला वाटतं. ऑर्डर आणणारे खूप भेटतात, पैसे सुखरूप आणणारे कमी, आणि तुमची १२ वर्षं त्यातच गेलीत.

पेमेंटच्या पद्धती नीट शिकून घ्या. ॲडव्हान्समध्ये विक्रेता सगळ्यात सुरक्षित, मग एलसी, मग कागद बँकेमार्फत पाठवून पैसे दिल्यावरच सोडायचे ते डीपी, पुढच्या तारखेला पैसे देईन अशा नुसत्या सहीवर सोडायचे ते डीए, आणि शेवटी ओपन अकाउंट, तिथे माल आधी गेला आणि पैसे ३०-६०-९० दिवसांनी. बायरला नेमकं उलटं हवं असतं, आणि मधे कुठे थांबायचं हे ठरवायला त्याची पत वाचता यावी लागते, एक्सपोर्ट क्रेडिट इन्शुरन्स काय कव्हर करतं ते कळावं लागतं, एक्स्चेंज रेट हलला तर मार्जिनचं काय होतं ते मांडता यावं लागतं. २३ वर्षांच्या मुलाला हे शिकवायला कंपनीची दोन वर्षं जातात. तुम्ही ट्रेड फायनान्स किंवा एक्सपोर्ट रिसिव्हेबल्सच्या (बायरकडून यायचे पैसे सांभाळायच्या) जागा बघा, आणि बायोडेटात ती ५ वर्षं लपवत बसू नका, एका ओळीत सांगा आणि पुढे जा. बिझनेस डेव्हलपमेंटच्या मीटिंगला तुम्हाला तेच बोलावतील, पेमेंट टर्म्सचा विषय निघाला की.

प्रश्न: सगळे म्हणतात एआय येतंय, सगळं डिजिटल होतंय, मग डॉक्युमेंटेशन शिकून काय उपयोग?

टायपिंग जाईल, आणि जाऊ दे, मी एकेका पॅकिंग लिस्टपायी किती रात्री घालवल्यात! कागदाचा बीएल पण हळूहळू जाईल, युनायटेड किंगडममध्ये तर २०२३ पासून कायदाच आहे की इलेक्ट्रॉनिक बीएलला कागदाच्या बीएलइतकाच मान. पण बीएल कागदावर असो की स्क्रीनवर, तो कोणाच्या नावाने काढायचा, बायरच्या थेट नावाने काढला तर पैसे यायच्या आधी माल त्याच्या हातात जाईल का, हे सॉफ्टवेअरला कोणीतरी सांगावंच लागतं. मागच्याच महिन्यात एका ओळखीच्या मुलाने मला असा सॉफ्टवेअरने बनवलेला ड्राफ्ट दाखवला, सुंदर होता, स्पेलिंगची एक चूक नाही, आणि कन्सायनीच्या, म्हणजे माल कोणाच्या नावाने जातोय त्या, रकान्यात बँकेच्या ऐवजी सरळ बायरचं नाव. पेमेंट डीपीवर होतं. त्याला म्हटलं हा असाच गेला असता तर? तो दोन मिनिटं गप्प बसला आणि मग फॉरवर्डरला फोन लावायला बाहेर गेला.