वाचकांचे प्रश्न : दोन विभागांच्या मधले काम

प्रश्न : मी एम.एस्सी. नर्सिंगची विद्यार्थिनी आहे. ऑपरेशन थिएटर, अतिदक्षता विभाग आणि वॉर्ड येथील कर्मचाऱ्यांचा परस्पर समन्वय हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. प्रत्येक विभागात प्रश्नावली भरून घेऊन गुणांची तुलना केली, तर पुरेसे होईल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : पुरेसे होणार नाही. प्रश्नावलीतून कर्मचाऱ्यांचे एकमेकांविषयीचे मत कळेल; पण काम अनेकदा अडते ते रुग्ण एका विभागातून दुसरीकडे जाताना, आणि तो टप्पा प्रत्यक्ष पाहावाच लागतो.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालयात हृदयशस्त्रक्रिया झालेले मूल थिएटरमधून अतिदक्षता विभागात आणले, की नळ्या व यंत्रे जोडणे आणि माहिती सांगणे ही दोन्ही कामे एकाच गडबडीत उरकली जात. फॉर्म्युला वन मोटार शर्यतीत गाडी थांबताच काही क्षणांत तिची चाके बदलणाऱ्या फेरारी संघाची शिस्त पाहून तेथील मंडळींनी क्रम ठरवला : आधी यंत्रे, मग माहिती, शेवटी पुढील उपचारांची चर्चा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निरीक्षकांनी अशी ५० हस्तांतरणे पाहिली. प्रत्येक वेळच्या तांत्रिक चुकांची सरासरी ५.४२ वरून ३.१५ वर आली.

तुम्हीही ओव्हर देण्याघेण्याच्या, म्हणजे रुग्ण व त्याची माहिती पुढच्या कर्मचाऱ्यांकडे सोपवण्याच्या वेळी, रात्रपाळीतसुद्धा, तेथे उभ्या राहा आणि सिस्टरांनी तोंडी काय सांगितले व केसपेपरवर काय लिहिले आहे, हे ताडून पाहा. ट्रॉली ढकलत आणणारे मामा आणि मावशी यांना मात्र वगळू नका. वाटेत सलाईन थांबले किंवा रुग्णाला उलटी झाली, तर ते त्यांनी पाहिलेले असते. ओव्हरच्या वेळी त्यांना कोणी विचारते का, हीच एक नोंद तुमच्या प्रबंधाला बरेच काही देईल.

गुणांच्या तुलनेबाबत आणखी एक इशारा. संघांच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की ज्या परिचारिका-गटांत मोकळेपणा अधिक होता, तेथे औषधांच्या चुकांची नोंदही अधिक होती, कारण तेथे चूक लपवली जात नव्हती. त्यामुळे कमी चुका नोंदवणारा वॉर्ड उत्तम, असे गृहीत धरू नका. निरीक्षण सुरू करण्यापूर्वी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घ्या आणि तुमच्या नोंदी इन्चार्जच्या हाती जाणार नाहीत, हे कर्मचाऱ्यांना आधीच सांगा.