स्कॅन झाल्यावर मूळ रीळ टाकून द्यावे का?

प्रश्न : आमच्या चित्रपट मंडळाकडे जुन्या युरोपीय माहितीपटांची 16 मिलिमीटरची काही रिळे असून त्यांना आता आंबूस वास येऊ लागला आहे. सर्वांचे स्कॅनिंग झाले असल्याने ती टाकून द्यावीत, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. युरोपातील संग्रहालये मूळ रिळे एवढ्या खर्चाने का सांभाळतात? त्यांचा ठेवा नागपुरात बसून पाहता येईल का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : रिळे टाकून देऊ नयेत, ही कळकळीची विनंती. तो वास ॲसिटेट फिल्म विघटित होताना सुटणाऱ्या ॲसेटिक आम्लाचा, म्हणजे व्हिनेगरचा आहे. हे आम्लच पुढील विघटनाचा वेग वाढवते आणि शेजारच्या चांगल्या रिळांनाही बाधते. म्हणून वास येणारी रिळे आजच वेगळी काढावीत. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात गच्चीखालच्या खोलीतील लोखंडी कपाट हे त्यांच्यासाठी सर्वांत वाईट ठिकाण होय. उष्णता व दमटपणा जितका कमी, तितके हे विघटन मंदावते, आणि युरोपातील संग्रहालयांचा शीतकोठारांवरील खर्च त्याचसाठी असतो.

नक्कल झाली की मूळ प्रतीची गरज संपते, या समजुतीची किंमत ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटाने मोजली आहे. 1927मध्ये बर्लिनला प्रदर्शित झाल्यानंतर हा चित्रपट कापण्यात आला आणि वगळलेला भाग कायमचा हरवला, असे अनेक दशके मानले जात होते. 2008मध्ये ब्वेनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात त्याची जवळजवळ पूर्ण प्रत सापडली खरी; परंतु ती होती 16 मिलिमीटरची नक्कल. ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मवरील मूळ प्रत नक्कल काढल्यावर नष्ट करण्यात आली होती. त्या प्रतीवरील ओरखडे नकलेतही छापले गेले होते आणि चौकटीची कडही कापली गेली होती, त्यामुळे 2010च्या पुनरुज्जीवित आवृत्तीत सुमारे पंचवीस मिनिटांचा परत मिळालेला भाग आजही खरबरीत दिसतो. मूळ प्रत हाती असती, तर आजच्या तंत्राने तिच्यातून कितीतरी अधिक मिळवता आले असते. आपले स्कॅनही आजच्या यंत्राच्या कुवतीएवढेच आहे.

जर्मन चित्रपट अर्जेंटिनात सापडतो, तसा आपलाही ठेवा परदेशी कोठारांत आहे. निर्माते हिमांशू राय व जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांचा भारतात चित्रित झालेला मूकपट ‘शिराज’ (1928) ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जपला आणि 2017मध्ये पुनरुज्जीवित केला. तेव्हा धरमपेठेतील एखादे रीळ एखाद्या युरोपीय संग्रहालयाला हवे असलेले निघणे अशक्य नाही.

घरबसल्या पाहण्यासाठी ‘युरोपियन फिल्म गेटवे’ या संकेतस्थळापासून सुरुवात करावी. तेथे अनेक संग्रहालयांच्या नोंदी एकत्र शोधता येतात. मात्र काही नोंदींत चित्रपट नसून केवळ छायाचित्रे, भित्तिपत्रके वा कागदपत्रे असतात. त्यांना दुय्यम मानू नये. झां डेस्मेट या डच वितरकाने नऊशेहून अधिक चित्रपटांबरोबर आपला व्यावसायिक पत्रव्यवहारही जपून ठेवला होता. ॲमस्टरडॅमच्या ‘आय’ (Eye) या चित्रपट संग्रहालयातील त्याच्या या संग्रहाला 2011मध्ये युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदवहीत स्थान मिळाले. कोणता चित्रपट कोठे व कधी दाखवला गेला, हे अशाच कागदांवरून उलगडते.

म्हणून आपल्या डब्यांवरील लेबले आणि सोबतचे कागदही जपावेत, शीर्षक, भाषा, निर्मितीसंस्था व फिल्मच्या कडेला छापलेली अक्षरे यांची यादी करावी आणि ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे तसेच संबंधित देशाच्या संग्रहालयाकडे पाठवावी.