सहलीआधी विचारा: वाळवंटातला एक दिवस

अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि आसपासच्या वाळवंटी भागात राहणाऱ्या वाचकांनी शनिवार-रविवारच्या सहलींबद्दल विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मेच्या अखेरीस सासू-सासरे पुण्याहून येत आहेत. घरात चार आणि नऊ वर्षांची मुले आहेत, आणि सासऱ्यांचे गुडघे दुखतात. फिनिक्सहून ग्रँड कॅन्यन एका दिवसात करून परत येता येईल का? (एक वाचक, चँडलर)

येईल, पण पहाटे पाचच्या आत गाडी निघाली तरच. साउथ रिम, म्हणजे दरीचा दक्षिण काठ, फिनिक्सपासून सुमारे २३० मैलांवर आहे. मुले आणि वडीलधारी बरोबर असताना थांबे धरून चार तास सहज लागतात. मेमोरियल डेचा शनिवार-रविवार मात्र टाळाच. त्या दिवसांत उद्यानाच्या दक्षिण फाटकापाशीच निम्मी सकाळ जाते.

बहुतेक मंडळी फ्लॅगस्टाफहून थेट दक्षिण फाटक गाठतात. तुमच्यासाठी उलटी वाट बरी. फ्लॅगस्टाफहून ८९ नंबरच्या रस्त्याने कॅमरनला जा, तिथे डावीकडे ६४ घ्या आणि पूर्वेच्या डेझर्ट व्ह्यू फाटकातून आत शिरा. अंतर जवळपास तेवढेच पडते, रांग खूपच लहान असते. खरा फायदा पुढे आहे. डेझर्ट व्ह्यूपासून व्हिलेजपर्यंतच्या (रिमवरची मुख्य वस्ती) २५ मैलांच्या रस्त्यावर स्वतःची गाडी नेता येते आणि लिपान, मोरान, ग्रँडव्ह्यू अशा ठिकाणी गाडीतून उतरून थोडीच पावले चालले की दरी समोर येते. सासऱ्यांना गुडघ्यांची काळजी न करता सगळे बघता येईल. सुरुवातीलाच १९३२ साली बांधलेला, मेरी कोल्टर यांनी आराखडा केलेला ७० फुटी दगडी मनोरा लागतो. स्वच्छतागृहही तिथेच उरकून घ्या. बाहेर पडताना दक्षिण फाटक वापरा.

पश्चिमेकडचा हर्मिट रोड मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंद असतो आणि फुकट शटलने जावे लागते. ज्यांना बसची चढउतार जमत नाही, त्यांच्यासाठी गाडी नेण्याचा परवाना मिळतो. फाटकावरच मागा, मागितल्याशिवाय तो कोणी देत नाही. व्हिलेजमधला ट्रेल ऑफ टाइम हा सपाट, फरसबंद रस्ता आहे. त्यावरचा प्रत्येक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे. नऊ वर्षांच्या मुलाला हे गणित फार आवडते.

साउथ रिम ७,००० फुटांवर आहे, पुण्याच्या जवळजवळ चौपट उंच. पहिल्या दिवशी दम लागतो, डोके जड होते. आजी-आजोबांना सावकाश चालू द्या. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असेल, तर उन्हातल्या दिवशी काय करायचे ते निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. फिनिक्समध्ये १०० अंश फॅरनहाइट असले तरी रिमवर पहाटे पारा ४० च्या आसपास जातो, म्हणून स्वेटर हवेतच.

चार वर्षांच्या मुलाला घेऊन दरीत उतरू नका. मोठ्याला उतरल्याचा आनंद द्यायचा असेल तर ब्राइट एंजल वाटेवरच्या पहिल्या बोगद्यापर्यंत एका मोठ्या माणसाने घेऊन जावे आणि मागे फिरावे. त्यापुढे मोह होतो, कारण उतार सोपा असतो. उतरायला जेवढा वेळ लागला, त्याच्या दुप्पट चढायला लागतो. खारींना काही भरवू नका. दिसायला गरीब, पण बोटाला कडकडून चावतात.

एका गाडीचा सात दिवसांचा प्रवेश ३५ डॉलर, रहिवाशांचा वार्षिक पास ८० डॉलर. वर्षात तीन मोठी उद्याने होणार असतील तर पासच घ्या. तुमचा मुलगा चौथीत असेल तर त्याच्या नावाने सप्टेंबर ते ऑगस्ट चालणारा मोफत पास मिळतो. त्याचे व्हाउचर कागदावर छापून बरोबर ठेवा. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या रहिवाशांना ग्रँड कॅन्यनसह ११ उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा शुल्क लागू झाले आहे, तेव्हा पाहुणे बरोबर असताना किती भरावे लागेल ते उद्यानाच्या संकेतस्थळावर आधी बघा.

सूर्यास्ताचा हट्ट सोडा. तो बघून निघालात तर पहिले तास-दीड तास हरणे आणि एल्क रस्त्यावर येण्याच्या वेळी, अंधारात गाडी चालवावी लागते. पाचच्या सुमारास निघा. आणि शनिवारीच जा, कारण रविवारी दुपारी इंटरस्टेट १७ वर फिनिक्सकडे परतणारी गर्दी तासभर खाते.

प्रश्न : ऑक्टोबरात ट्रेलवर मुलीने भरपूर पाणी प्यायले, तरी डोके दुखून उलट्या झाल्या. सगळे ‘पाणी प्या’ एवढेच सांगतात. आमचे चुकले काय? (एक वाचक, टेंपी)

बहुधा पाणी होते, मीठ नव्हते. वाळवंटाच्या कोरड्या हवेत घाम अंगावर दिसायच्या आत वाळतो. त्यामुळे किती घाम गेला याचा अंदाजच येत नाही. घामाबरोबर मीठही जाते. मग नुसते पाणी ढोसत राहिले तर रक्तातले सोडियम पातळ होते. डोकेदुखी, मळमळ, उलटी ही त्याची लक्षणे आहेत आणि उष्म्याने थकवा आला तरी हीच लक्षणे दिसतात. म्हणून गोंधळ होतो. ढोबळ खूण अशी : पाणी कमी पडले असेल तर लघवी कमी आणि गडद होते, तहान लागते. पाणी जास्त आणि मीठ कमी झाले असेल तर लघवी पाण्यासारखी, वारंवार होते आणि तहान अजिबात नसते. दुसऱ्या प्रकारात आणखी पाणी पाजणे घातक आहे. खारे काहीतरी खायला द्या, सावलीत बसवा. बोलणे असंबद्ध झाले, झटका आला किंवा शुद्ध हरपू लागली तर थेट ९११.

उन्हात चालणाऱ्या मोठ्या माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागते. गाडीत माणशी दिवसाला एक गॅलन ठेवावे. मुलांना तहान लागल्याचे कळत नाही, दर १५-२० मिनिटांनी थांबवून चार घोट द्या. दर थांब्याला शेंगदाणे, चिवडा, तिखटमिठाच्या पुऱ्या असे काही खारे तोंडात पडले पाहिजे. बाटल्यांपैकी एकीत घरचे मीठ-साखर पाणी ठेवा : एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मापे अंदाजाने घेऊ नका. मीठ जास्त झाले तर लहान मुलांना अपाय होतो. दहीभात नेऊ नका. हवा ९० अंश फॅरनहाइटच्या वर तापली असेल तर शिजवलेले अन्न कूलरबाहेर तासाभरातच धोक्याचे होते.

परत फिरण्याची वेळ अंतरावर ठरवू नका, बाटलीवर ठरवा. मुले बरोबर असतील तर एक तृतीयांश पाणी संपले की मागे वळायचे, शिखर समोर दिसत असले तरी. दहा ते चार चालणे नको. सुती सदरा भिजवून अंगात घालणे हा इथला सर्वांत स्वस्त उपाय आहे. कोरड्या हवेत तो काही मिनिटांत अंग गार करतो. हिवाळ्यात मात्र हाच ओला सुती कपडा थंडीने गारठवतो.

प्रश्न : ऑगस्टमध्ये पेजला जाऊन अँटिलोप कॅन्यन बघायचे आहे. हवामान खाते पेजमध्ये पाऊस नाही म्हणते. मग पुराची भीती कशाला? (एक वाचक, स्कॉट्सडेल)

कारण पाऊस पेजमध्ये पडावाच लागत नाही. अँटिलोपच्या अप्पर आणि लोअर अशा दोन घळी आहेत. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटिलोपमध्ये ११ पर्यटक बुडाले. मुख्य पाऊस कित्येक मैल वर पडला होता आणि ते सारे पाणी अरुंद घळीत एकवटून आले. उघडा खडक आणि कडक जमीन पाणी शोषत नाही, म्हणून एवढ्याशा पावसाचाही लोंढा होतो. अ‍ॅरिझोनात मान्सूनचा काळ १५ जून ते ३० सप्टेंबर धरतात. ढग सहसा दुपारनंतर चढतात, म्हणून सकाळची वेळ घ्या. अप्पर अँटिलोपमधले प्रकाशाचे झोत भर दुपारी पडतात हे खरे, पण ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन जायचे तर आम्ही झोतांवर पाणी सोडू. वाटाडे सहल रद्द करतील तर वाद घालू नका. ही नावाहो नेशनची, म्हणजे नावाहो या मूळनिवासी जमातीच्या स्वायत्त प्रदेशाची जमीन आहे, नावाहो वाटाड्याशिवाय आत जाताच येत नाही आणि ढग ओळखण्यात त्यांचाच शब्द शेवटचा.

अप्पर सपाट आणि वाळूचे आहे, लोअरमध्ये उभ्या लोखंडी शिड्या आहेत. गुडघेदुखी असलेल्यांनी अप्परच निवडावे.

घड्याळाचा घोळ सर्वांत जास्त लोकांना नडतो. अ‍ॅरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, नावाहो नेशन पाळते. पेजच्या आसपास फोन कोणता टॉवर पकडेल त्याप्रमाणे वेळ पुढे-मागे उडी मारते. अँटिलोपच्या सहली पेजच्या, म्हणजे फिनिक्सच्या वेळेने चालतात. नावाहो नेशनमधल्या मॉन्युमेंट व्हॅलीत मात्र उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असते. फोनमधली आपोआप वेळ बंद करा आणि हाताने ‘फिनिक्स’ निवडा.

जवळचा हॉर्सशू बेंड (कोलोरॅडो नदीच्या वळणावरचा कडा) जाऊन-येऊन दीड मैल आहे, पार्किंगचे वेगळे १० डॉलर लागतात आणि राष्ट्रीय उद्यानांचा पास तिथे चालत नाही. कठडा थोड्याच भागाला आहे. बाकी कडा उघडा, मुलाचा हात सोडायचा नाही.

परतताना रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. फूटभर वाहते पाणी लहान गाडी उचलते, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. अडथळे ओलांडून पाण्यात गाडी घातली आणि सुटका करावी लागली, तर अ‍ॅरिझोनाचा कायदा तो खर्च चालकाकडून वसूल करतो.

प्रश्न : एल पासोहून न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सला, पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांवर घसरगुंडीसाठी जायचे आहे. काय काय न्यावे? (एक वाचक, टेक्सास)

सर्वांत आधी उद्यानाच्या संकेतस्थळावर क्षेपणास्त्र चाचणीची वेळ बघा. शेजारी लष्करी चाचणी क्षेत्र आहे आणि चाचणी असली की रस्ता काही काळ बंद होतो, कधी तीन तासांपर्यंत. मग मुले गाडीत कंटाळतात.

बर्फावरची प्लॅस्टिकची गोल बशी चालते, उद्यानाच्या दुकानातही मिळते. बुडाला मेण घासले नाही तर ती जागची हलत नाही. हे दर दोन-तीन फेऱ्यांनी पुन्हा घासावे लागते. जागा निवडताना उताराकडे बघू नका, उतार संपतो तिथे बघा. टेकड्यांमधली जमीन काँक्रीटसारखी टणक असते आणि लागते ती तिथेच. खाली लांबवर मऊ वाळू असलेला, झुडपे नसलेला, रस्त्यापासून दूरचा उतार शोधा. बसून, पाय पुढे करून घसरायचे. पालथे पडून डोके पुढे कधीच नको.

ही वाळू जिप्समची आहे, उन्हातही फारशी तापत नाही, अनवाणी चालता येते. याच गारव्याने माणूस फसतो, कारण पांढऱ्या वाळूवरून ऊन उलटे अंगावर येते. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीही सनस्क्रीन लावा, गॉगल मुलांनाही हवा. पाणी फक्त व्हिजिटर सेंटरला मिळते, पुढे टेकड्यांत थेंबभरही नाही. पाच मैलांची अल्कली फ्लॅट वाट मुलांना घेऊन करू नका. वाऱ्याने पाऊलखुणा पुसल्या जातात आणि सगळ्या टेकड्या सारख्याच दिसतात. २०१५ च्या ऑगस्टमध्ये त्याच वाटेवर एका लहान मुलाचे आई-वडील उष्म्याने गेले. लहानग्यांसाठी लाकडी फळ्यांची इंटरड्यून वाट आहे, जाऊन-येऊन अर्ध्या मैलाच्या आत.

या भागातल्या महामार्गांवर सीमा पोलिसांची तपासणी ठाणी आहेत. लास क्रुसेसकडे जाणाऱ्या ७० नंबरच्या रस्त्यावर एक ठरलेलेच. ग्रीन कार्ड, किंवा व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद), मूळ स्वरूपात बरोबर ठेवा. १८ वर्षांवरील परदेशी नागरिकाने नोंदणीचा कागद जवळ बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे. आजी-आजोबांचे पासपोर्ट घरच्या कपाटात राहतात, ही नेहमीची चूक.

प्रश्न : चोया निवडुंगाचा गोळा पायाला चिकटला तर? (एक वाचक, टूसॉन)

हात लावायचा नाही, नाहीतर तो हाताला चिकटतो. काट्यांना उलटी दातेरी टोके असतात. रुंद दातांचा कंगवा गोळा आणि कातडी यांच्या मध्ये घाला आणि अंगापासून दूर, आजूबाजूला कोणी नाही अशा दिशेला एका झटक्यात उडवा. उरलेले काटे चिमट्याने, शिरले त्याच रेषेत ओढा. प्रत्येक पाठपिशवीत एक कंगवा आणि चिमटा हवाच.

प्रश्न : फिनिक्स-टूसॉन रस्त्यावर धुळीचे वादळ आले तर दिवे लावून हळूहळू चालवावे का? (एक वाचक, गिल्बर्ट)

नाही. धुळीची भिंत समोर दिसली की शक्य तर आधीच्या एक्झिटने बाहेर पडा. सापडलातच तर गाडी डांबरी रस्त्यापासून जमेल तितकी दूर घ्या. शोल्डरवर थांबणे पुरेसे नाही. मग सगळे दिवे बंद करा, हझार्डसुद्धा. हँडब्रेक लावा आणि ब्रेकवरचा पाय काढा, म्हणजे मागचा लाल दिवा विझतो. धुळीत काही न दिसणारा मागचा चालक पुढच्या लाल दिव्याला रस्ता समजून त्याच्यामागे येतो आणि थांबलेल्या गाडीवर आदळतो. पट्टे बांधलेलेच ठेवा, मुलांना सीटमधून काढू नका. वादळ बहुधा थोड्या वेळात ओसरते. रस्ता स्पष्ट दिसू लागल्यावरच दिवे लावून निघा.